खोडलेला गोल

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत मी ‘कॉम्प्युटरवाले देवधर’ म्हणून ओळखला जातो. कोणाचा प्रिंटर अडला, कोणाच्या नातवाचा मोबाइल हँग झाला, की माझी बेल वाजते. मी दार उघडून सांगतो की मला यातलं काही येत नाही. समोरचा आधी हसतो, मग त्याला वाटतं मी शिष्टपणा करतोय. पण खरंच येत नाही. नोकरीची सगळी वर्षं मी कॉम्प्युटरच्या ज्या तळघरात काढली तिथपर्यंत प्रिंटर पोचतच नव्हता.

संपादकांनी ‘नोकरीतल्या गमतीजमती लिहा’ असं सांगितलं होतं. गमती आहेतही. पण कागद पुढ्यात घेतला की गमतींच्या आधी एका बाईचं नाव आठवतं, आणि ते आठवलं की आजही पोटात दुखतं. त्यामुळे हा लेख म्हणजे एका हेव्याची हकिगत आहे. मधे मधे धंद्याची माहिती येईल, ती सोसावी.

आधी धंदा सांगतो. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. त्याच्याही अगदी तळाशी थोडा भाग असा असतो की जिथे प्रोसेसरला त्याच्याच बोलीत, एकेक हुकूम देऊन, वागवावं लागतं. ती बोली म्हणजे असेंब्ली. हे काम बाहेरच्यांना समजावून द्यायला मला एकच उदाहरण जमतं. एक ओटा आहे आणि दोन जावा आहेत. ओट्यावर एका वेळी एकीनंच रांधायचं, पण दोघींचाही स्वयंपाक वेळेत व्हायला हवा. म्हणून थोडा वेळ एकीची पाळी, थोडा वेळ दुसरीची. पाळी बदलली की पहिलीचं चिरलेलं, मळलेलं, मोजलेलं सगळं जसंच्या तसं उचलून फडताळात ठेवायचं, दुसरीचं काढून मांडायचं, आणि ते इतक्या चपळाईनं की दोघींनाही वाटावं, ओटा आपल्या एकटीचा आहे. जावा म्हणजे प्रोग्रॅम. ओट्यावरच्या जागा म्हणजे प्रोसेसरमधले रजिस्टर. आणि ही उचलठेव करणारा निमूट माणूस म्हणजे कर्नल. सेकंदाला शेकडो वेळा ही उचलठेव चालते. एक वाटी चुकीच्या जागी राहिली तर एकीचं मीठ दुसरीच्या खिरीत पडतं.

प्रोसेसर बनवणारे लोक काही वर्षांनी हा ओटा वाढवतात. नवे रजिस्टर देतात, नवे हुकूम देतात. जाहिरातीत लिहितात की आता सगळं दुप्पट वेगानं होईल. पण नवी जागा आली की उचलठेवीच्या नियमांत तिची भर घालावी लागते, आणि ती जिथे जिथे घालायला हवी तिथे तिथे घालावी लागते. शिवाय गिऱ्हाइकांकडे जुनी यंत्रंही असतात. म्हणून नवा हुकूम देण्याआधी प्रोसेसरला विचारायचं असतं, ‘बाबा, तुला हे येतं का?’ न विचारता दिला तर जुना प्रोसेसर जागच्या जागी बसतो. मी पोट भरलं ते या कामावर.

नव्वदीच्या दशकात पुण्यात गल्लोगल्ली सॉफ्टवेअरचे बोर्ड लागत होते, तेव्हा आमची कंपनी एरंडवण्यातल्या एका बंगल्यात होती. अमेरिकेतल्या एका क्लायंटची मोठ्या सर्व्हरवर चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम आम्ही सांभाळत असू. मी असेंब्लीचा माणूस. एकटाच. आमचे मॅनेजर सबनीस पाहुण्यांशी माझी ओळख करून देताना म्हणत, “हे देवधर. हे थेट प्रोसेसरशी बोलतात. माणसांशी कमी बोलतात.”

माझी एक युक्ती होती. त्या काळी अपूर्णांकांच्या गणितासाठी प्रोसेसरमध्ये आठ निराळे रजिस्टर असत आणि बहुतेक प्रोग्रॅम त्यांना हातही लावत नसत. मग दर पाळीला ते उचलायचे कशाला? मी ते तसेच पडू देत असे. दुसऱ्या प्रोग्रॅमनं त्यांना हात घातलाच तर प्रोसेसर थांबून कर्नलला हाक मारतो. तेव्हाच आधीच्याचा पसारा आवरायचा. जगात ही युक्ती इतरांनाही माहीत होती, पण आमच्या सिस्टिममध्ये ती मी आणली आणि अडतीस ओळींत बसवली. यंत्राचा वेग वाढला. क्लायंटचं कौतुकाचं पत्र आलं, ते सबनीसांनी नोटीस बोर्डावर लावलं. महिनाभर मी पाणी प्यायला मुद्दाम त्या बाजूनं जात होतो.

आणि मग नसीम पटवेकर आली.

वयानं माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. वडिलांचं मंडईमागे पुस्तकबांधणीचं दुकान होतं. मुलाखतीत मी तिला अवघड म्हणून जो प्रश्न विचारला त्याचं तिनं उत्तर दिलं आणि वर म्हणाली, “पण सर, नव्या मॉडेलमध्ये हे बदललंय. मॅन्युअलच्या तिसऱ्या भागात, शेवटच्या पुरवणीत आहे.” ती पुरवणी मी वाचली नव्हती. मी मान हलवली आणि पुढचा प्रश्न सोपा विचारला.

प्रोसेसरची मॅन्युअलं हजारो पानांची. ऑफिसात आम्ही ती छापून घेत असू आणि सुट्या पानांचे गठ्ठे टेबलाखाली ठेवत असू. नसीमनं तिचे गठ्ठे घरी नेले आणि आठवड्यानं चार ग्रंथ घेऊन आली. हिरवं कापड, पाठीवर सोनेरी अक्षरं, कडेला अंगठा बसेल अशा खाचा, हवं ते प्रकरण झटकन उघडावं म्हणून. आख्खं ऑफिस ते बघायला गोळा झालं.

“ऑफिसच्या खर्चानं का?” मी विचारलं.

“नाही सर. अब्बांकडे कापड उरलं होतं. तुमच्याही प्रतीला बांधून देतील. सांगू?”

“नको. मला सुटी पानंच बरी पडतात.”

बरी कसली पडतात. पंखा लावला की माझं निम्मं मॅन्युअल खोलीभर फिरायचं. तिनं ग्रंथ उघडला की तो हव्या त्या पानावर शांतपणे पडून राहायचा. त्या चार हिरव्या ग्रंथांवरून माझ्या मनात जे सुरू झालं ते अजून संपलेलं नाही.

आता आमच्या ऑफिसातली एक पद्धत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. लिहिलेला प्रत्येक बदल कागदावर छापून दुसऱ्यानं तपासायचा. जिथे शंका असेल तिथे गोल करायचा. तोही पेन्सिलीनं, कारण सबनीस म्हणत, “तपासणाराही चुकू शकतो. पेनानं कोणाची लाज काढायची नाही.” शंका मिटली किंवा चूक दुरुस्त झाली की गोल रबरानं खोडायचा. शुक्रवारी दुपारी बैठकीत कागद दाखवायचे, त्यांवर लिहिणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची अशा दोन सह्या व्हायच्या, आणि ते बॉक्सफाइलमध्ये जायचे. मी एस.व्ही.डी., नसीम एन.ए.पी.

नसीमला येऊन वर्ष झालं असेल. एका गुरुवारी ती पाण्याच्या फिल्टरपाशी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, “सर, पान चार पुन्हा बघाल? मला वाटतं विचारणा खाली राहिलीय.”

मी जाऊन पाहिलं. प्रोसेसरला ‘तुला हे येतं का’ असं मी विचारलं होतं, पण नवा हुकूम देऊन झाल्यावर. ताट वाढून झाल्यावर पाहुण्याला उपास आहे का विचारावं, तसं. त्या चुकीनं जगातलं आमचं प्रत्येक जुनं यंत्र सुरू होतानाच मान टाकून बसलं असतं. मी गुपचूप ओळी वर सरकवल्या. शुक्रवारी बैठकीत तिनं माझा कागद पुढे केला. त्यावर एकही गोल नव्हता. तिनं खोडला होता. “काही शंका नाही,” ती म्हणाली आणि सही केली.

दुसरा कोणी असता तर त्याला बरं वाटलं असतं. मला तिचा राग आला. माझी चूक तिनं झाकली होती आणि ते आम्हा दोघांनाच माहीत होतं. त्यानंतर ती समोरून आली की मला पान चार दिसायचं.

घरी माझ्या तोंडी तिचंच नाव. आज नसीमनं हे केलं, आज सबनीस तिला असं म्हणाले. एकदा पोळ्या लाटता लाटता आमची ही म्हणाली, “प्रेमात पडलेली माणसंसुद्धा इतकं नाव घेत नाहीत हो. काय ते एकदा ठरवा आणि मला सांगा.” मी जेवण अर्धवट टाकून उठलो. प्रेम परवडलं असतं.

मग प्रोसेसरवाल्यांनी ओटा पुन्हा वाढवला. या वेळी आठ नवे रुंद रजिस्टर आले. एकेकात चार-चार आकडे मावायचे. चित्रं, ध्वनी, नकाशे, सगळ्याला उपयोगी. हे काम नसीमकडे दिलं गेलं. बैठकीत तिनं फळ्यावर आकृती काढली आणि म्हणाली, “आणि सर, ती आळशी आवराआवरीची युक्ती आता काढून टाकायला हवी.”

सबनीसांनी माझ्याकडे पाहिलं.

“का?” मी विचारलं.

“आधी गणिताचे रजिस्टर क्वचित कोणी वापरायचं. हे नवे सगळेच वापरणार. मजकुराची नक्कल करायलासुद्धा. मग दर वेळी प्रोसेसर थांबून कर्नलला हाक मारणार. त्यापेक्षा दर पाळीला मुकाट्यानं आवरलेलं स्वस्त पडेल. आणि आता दोन-दोन प्रोसेसरची यंत्रं आलीत. प्रोग्रॅम एकावरून दुसऱ्यावर गेला आणि त्याचा पसारा पहिल्यावरच राहिला तर?”

“देवधर, तुमचं काय म्हणणं?” सबनीस म्हणाले.

“त्या म्हणतायत ते बरोबर आहे,” मी म्हटलं. इतकं बरोबर होतं की माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अडतीस ओळी तिनं एका दुपारी काढून टाकल्या. नोटीस बोर्डावरचं पत्र पिवळं पडलं होतं, ते शिपायानं त्याच आठवड्यात काढलं. त्याचा नसीमशी काही संबंध नव्हता, पण माझ्या हिशेबी तोही तिचाच अपराध होता.

त्याच सुमारास कळलं की क्लायंटकडे पुढच्या, मोठ्या प्रोसेसरचं काम सुरू होणार आणि पुण्यातून एकजण दीड वर्षासाठी अमेरिकेत जाणार. एकच. असेंब्ली येणारे आम्ही दोघंच होतो. हे काम म्हणजे जुन्यावर ठिगळं लावणं नव्हतं, पहिल्या ओळीपासून नवीन गाभा लिहायचा होता. मला ते हवं होतं. आयुष्यात इतकं दुसरं काही हवं होतं असं आठवत नाही.

नसीमचे नव्या रजिस्टरांचे कागद तपासणीला माझ्याकडे आले. सुबक काम. ओळीओळीला टीप. असेंब्लीचे शब्द यंत्राच्या आकड्यांत उतरवणाऱ्या आमच्या जुन्या असेंब्लरला नवे हुकूम ठाऊकच नव्हते, म्हणून तिनं ते आकड्यांत, बाइट मोजून, हातानं लिहिले होते आणि शेजारी ग्रंथातला पान क्रमांक दिला होता. मी चूक शोधत होतो. चांगल्या तपासणाऱ्यानं शोधावी तशी नाही, डूख धरून शोधत होतो.

आणि सापडली. नवे रजिस्टर तीन जागी जपायला हवे होते. एक, पाळी बदलताना. दोन, एका प्रोग्रॅमची नक्कल होऊन दुसरा जन्मतो तेव्हा. तीन, प्रोग्रॅमला मधेच हाक येते तेव्हा. म्हणजे असं की प्रोग्रॅम कामात असताना त्याला गजर होतो, तो हातातलं काम ठेवतो, गजराचं काय ते बघतो आणि परत येतो. हातातलं नीट ठेवलं नाही तर परतल्यावर आकडे बदललेले असतात. नसीमनं पहिल्या दोन जागा केल्या होत्या. तिसरी राहिली होती. ती भलत्याच फाइलमध्ये होती, कारण अनेक वर्षांपूर्वी ती तिथे मीच लिहिली होती, आणि तिथे असल्याची टीप कुठेही ठेवली नव्हती. ती जागा जगात फक्त मला माहीत होती.

कागदावर जिथे ती यायला हवी होती तिथे मी गोल केला. चांगला दाबून केला. एवढ्यात सबनीस माझ्या टेबलापाशी आले आणि सहज विचारलं, “नसीमकडे पासपोर्ट आहे का हो? तुम्हाला माहीत असेल.”

“नाही माहीत,” मी म्हटलं.

ते गेले. मी रबर घेतलं आणि तो गोल खोडला. कागदावरचा कचरा फुंकरीनं उडवला. शुक्रवारी म्हणालो, “काही शंका नाही,” आणि एस.व्ही.डी. अशी सही केली. मनाला सांगितलं की चाचणीत सापडेलच, बाई थोड्या ओशाळतील, तेवढंच. चाचणीत सापडलं नाही. चाचणीच्या प्रोग्रॅममध्ये गजर होता, पण गजर ऐकणारा भाग नव्या रजिस्टरांना हात लावत नव्हता.

पुढे तीन-चार महिन्यांनी ऑफिसात शितोळे आले. भोसरीत त्यांची टूलरूम होती, साचे बनवायची. आमची सिस्टिम वापरणाऱ्या गिऱ्हाइकांत हे एकटेच असे होते की ज्यांना रिक्षानं येता येत होतं. त्यांनी कापडी पिशवीतून पोलादाचा एक ठोकळा काढला आणि सबनीसांच्या काचेच्या टेबलावर ठेवला. काच वाचली.

“हितं बघा,” ते म्हणाले. आरशासारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर नखाएवढा एक खड्डा होता. “हत्याराचा मार्ग तुमच्या मशिनवर काढला. ड्रॉइंगमधी ह्यो खड्डा न्हाई. मागल्या साच्याला दुसऱ्या जागी पडला व्हता. जुन्या मशिनवर त्योच मार्ग काढला तर गुळगुळीत. पोलाद काय लबाडी करत न्हाई, साहेब. तुमचं काय हाय ते बघा.”

त्यांनी ठोकळा फिरवून दाखवला आणि माझ्या डोक्यात सगळं जुळलं. त्यांचा प्रोग्रॅम पोलाद कातणाऱ्या हत्याराचा मार्ग नव्या रजिस्टरांत मोजत होता. आणि पडद्यावर ‘काम इतके टक्के झालं’ हे दाखवायला त्याला अधूनमधून गजर होत होता, तेही गणित त्याच रजिस्टरांत. तिसरी जागा. हजारो गजरांत एखादा असा नेमका पडायचा की एक आकडा बिघडे आणि हत्यार खाली बुडे.

मी तोंड उघडलं नाही. सांगितलं असतं तर ‘तुम्हाला इतक्या लवकर कसं कळलं’ असं कोणीतरी विचारलं असतं. सबनीसांनी एवढंच विचारलं, “देवधर, तपासताना काही दिसलं नव्हतं?” मी म्हटलं, “नाही.” नऊ दिवस नसीम शोधत होती आणि नऊ दिवस मी शेजारच्या टेबलावर बसून तिला शोधताना बघत होतो. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, “सर, तुम्हाला काय वाटतं? कुठे बघू?”

“सगळीकडेच बघायला हवं,” मी म्हटलं.

नवव्या दिवशी तिला सापडलं. कसं, तर तिनं एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, त्यात प्रत्येक नव्या रजिस्टरमध्ये खुणेचा वेगळा आकडा भरला आणि गजरांचा मारा केला. कोणती खूण कधी पुसली जाते ते नुसतं मोजत बसली. दुपारपर्यंत तिसरी जागा तिच्या हातात होती. मला दहा वर्षांत अशी चाचणी सुचली नव्हती. त्या दिवशीसुद्धा, खरं सांगतो, लाजेच्या आधी मला हेवा वाटला.

मग तिनं कपाटातून बॉक्सफाइल काढली, तो तपासलेला कागद शोधला आणि खिडकीपाशी नेला. मी पाहत होतो. तिनं कागद उजेडासमोर तिरका धरला. शिसं खोडलं तरी दाबून काढलेल्या गोलाचा चर राहतो. तिनं त्या जागेवरून अंगठा फिरवला. कागद परत फाइलमध्ये ठेवला, फाइल कपाटात ठेवली, आणि माझ्याकडे येऊन म्हणाली, “सर, दुरुस्ती केलीय. तपासाल?”

आवाजात काही नव्हतं. मी बदललेल्या तेवढ्या ओळी पाहिल्या, वरचं-खालचं न बघता घाईनं सही केली आणि कागद तिच्या हातात दिला.

दुरुस्ती घेऊन ती स्वतः भोसरीला गेली आणि एक आख्खा साचा कातून होईपर्यंत तिथे उभी राहिली. शितोळ्यांनी निघताना तो खड्डा पडलेला ठोकळा तिला देऊन टाकला. म्हणाले, “बाई, चूक झाली म्हणून कुणी माझ्या शेडमधी दिवसभर उभं ऱ्हायलेलं म्या पाह्यलं न्हाई.” तो ठोकळा तिच्या टेबलावर कागद दाबायला राहिला. मला तोही डोळ्यांत खुपायचा.

अमेरिकेत मी गेलो. क्लायंटनं ‘जास्त अनुभवी माणूस पाठवा’ असं कळवलं होतं. सबनीसांनी मला बोलावून सांगितलं तेव्हा मी ‘नसीमनं खूप मेहनत केली होती’ असं काहीतरी बोललो. शोभेचं. नसीमनं माझं अभिनंदन केलं आणि विचारलं, “सुटी पानं नेणार का? तिकडे फार वारं असतं म्हणतात.” तिच्या तोंडून मला उद्देशून ऐकलेला हा एकच टोमणा.

तिथे पहिल्याच आठवड्यात डेव्हिड नावाचा तिथला इंजिनिअर माझ्याबरोबर जुन्या फाइली वाचायला बसला. प्रत्येक फाइलच्या डोक्यावर बदलांची नोंद असते. काय बदललं, कोणी लिहिलं, दोष कोणी शोधला, कोणत्या तारखेला. तो तिसऱ्या जागेच्या नोंदीपाशी थांबला. लिहिणारी: एन.ए.पी. दोष शोधणारा: एस.व्ही.डी.

“हा तू शोधलास?” त्यानं विचारलं. “पण तारीख बघ. गिऱ्हाइकाची तक्रार यायच्या चार महिने आधीची. आणि दुरुस्ती चार महिन्यांनी. हे कसं?”

ती त्या शुक्रवारची तारीख होती, मी खोडलेल्या कागदावर सही केली त्या दिवसाची. नसीमनं ऑफिसात कोणाला काही सांगितलं नव्हतं. जिथे खरं लिहायचं असतं तिथे फक्त खरं लिहिलं होतं. दोष खरोखरच मी शोधला होता, आणि खरोखरच त्या दिवशी. आणि वरचं न बघता केलेल्या माझ्याच सहीनिशी ते साऱ्या जगात गेलं होतं.

“तारीख टाइप करताना चुकली असेल,” मी म्हटलं.

“दुरुस्त करू?”

“राहू दे,” मी म्हटलं. “जुनी फाइल आहे.”

परत आलो तोवर नसीम नोकरी सोडून गेली होती. पुढे ती खूप मोठी झाली. जगभरचे लोक मिळून लिहितात अशा एका ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात तिचं नाव आहे. नवे प्रोसेसर आले की त्यांचे नवे रजिस्टर कसे जपायचे हे विचारायला देशोदेशीचे लोक तिला पत्रं लिहितात. ती पत्रं इंटरनेटवर कोणालाही वाचता येतात. मी वाचतो. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी आठवड्यातून एकदा तरी वाचतो आणि तिची एखादी चूक सापडते का बघतो.

या लेखाचं ठरलं तेव्हा मी तिला फोन केला. भोसरीची हकिगत लिहू का, असं विचारायला. बारा-चौदा वर्षांत बोलणं नव्हतं.

“लिहा की,” ती म्हणाली. “पण छापायच्या आधी दाखवा. कागदावर आणा, तपासून देते.”

धायरीला तिच्या घरी गेलो. शेल्फावर चार हिरवे ग्रंथ होते, सोनेरी अक्षरं थोडी उडालेली. टेबलावर तो ठोकळा होता. तिनं चहा केला, आमच्या हिच्या गुडघ्यांची चौकशी केली, सबनीस गेले त्याबद्दल बोलली. मी कागद तिच्या हातात दिले. तिनं ते ठोकळ्याखाली ठेवले.

आठ दिवसांनी लखोटा आला. जावा ‘सेकंदाला लाखो वेळा’ पाळी बदलतात असं मी लिहिलं होतं, तिथे तिनं ‘शेकडो’ केलं होतं. बाकी कुठे खूण नव्हती. फक्त एका वाक्याभोवती पेन्सिलीचा गोल होता. त्या पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं होतं, ‘कामाच्या गडबडीत ती तिसरी जागा माझ्याही नजरेतून निसटली.’ समासात बारीक अक्षरात होतं, ‘सर, पुन्हा बघाल?’ खाली लिहिणाऱ्याच्या सहीशेजारी तपासणाऱ्याची जागा तिनं मोकळी ठेवली होती.

तो खर्डा मी फाडला नाही. त्याच्या पाठीवर पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतलं. आपण इथपर्यंत वाचलंत ते हे. लिहून झाल्यावर परत धायरीला गेलो. नसीमनं खिडकीपाशी उभं राहून सगळं वाचलं. उपमा कशी झालीय, भाषा कशी आहे, काही बोलली नाही. माझ्याकडून पेन्सिल मागून घेतली आणि शेवटच्या पानावर एन.ए.पी. लिहिलं. मग जुनं पान उलटून तिनं विचारलं, “हा गोल खोडू ना? दुरुस्ती झाली.”

“नको,” मी म्हटलं. “असू दे.”